पाण्याची वेळ

वॉशिंग मशीन गळू लागलं की लगेच फडकं घेऊन धावू नये. थोडा वेळ नुसतं पाहावं. फरशीवरचं थारोळं काहीच सांगत नाही. पाणी उताराने भलत्याच कोपऱ्यात जाऊन साठलेलं असतं. ते कुठे दिसतं यापेक्षा कधी येतं, हे पाहावं. टब भरतानाच ओल आली तर मागचा इनलेट पाइप नाहीतर त्यातला रबरी वायसर. पाणी सोडताना आली तर ड्रेन पाइप. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या दारातून ओघळ आला, तर दाराभोवतीच्या रबराची खालची घडी.

आमचं मशीन दोन टबांचं, सेमी ऑटोमॅटिक. नॉब वॉशवर असूनही मोरीत ड्रेन पाइपमधून बारीक धार चालू राही, आणि कपडे भिजेपर्यंत पाणी निम्म्यावर येई. नळ बंद केला, प्लग काढला (ओल्या फरशीवर उभं राहून विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, इथे घाई नकोच), टब रिकामा केला. टबाच्या कडेचं जाळीदार झाकण काढलं, त्यामागची टोपी फिरवली आणि आतली स्प्रिंग नि काळं रबर हातात आलं. एवढीशी ती रचना! स्प्रिंग रबराला भोकावर दाबून धरते. नॉब ड्रेनकडे वळवला की पट्टी ते वर खेचते. टबभर पाणी त्या मऊ ओठावर तोललेलं असतं. रबर मऊ आहे म्हणून पाणी थांबतं. कडक झालं की ते भोकावर नीट बसत नाही.

ओठाखाली साडीच्या फॉलचा दोरा अडकला होता, त्यात केसांचा गुंता आणि ब्लाउजचा एक हूक. घरातल्या माणसांचे दिवस असे आत जमत जातात. भोकाच्या कडेला बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर होता. तो व्हिनेगरने भिजवून जुन्या टूथब्रशने हलकेच घासला. सुरी लावली असती तर कडेला चरा पडला असता आणि गळती कायमची झाली असती. रबर अजून लवचीक होतं, भेगही नव्हती, म्हणून तेच परत बसवलं. टब भरून ठेवला. धार थांबली.

सगळंच घरी होत नाही. गळती फक्त पिळताना होत असेल आणि सोबत घरघर ऐकू येत असेल, तर ड्रमच्या दांड्याचं सील आणि बेअरिंग पाहावं लागतं. तिथे मेकॅनिकच हवा. त्यालाही पाणी कधी येतं, ते आधी सांगावं.