धुक्यातली निशाणं

जानेवारी, वसई किल्ला

पहाटे उत्तरेचं वारं अंगाला झोंबत होतं. खाडीवरून आलेल्या धुक्यात सेंट जोसेफ चर्चचा मनोराही दिसेना. मुलांसाठी ओरिएंटीअरिंगचा मार्ग आखायला निघाले होते. नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकेक खूण गाठत जायचा हा खेळ. स्वीडनमध्ये १९१९ साली एर्न्स्ट किलँडर यांनी तो लोकप्रिय केला. तिकडे तो बर्फातही खेळतात, स्कीवर उभं राहून.

आपल्याकडे बर्फ नाही. धुकं आणि दव आहे. ओल्या दगडावर पाय सरकतो, म्हणून पडक्या तटावर आणि विहिरीच्या काठाला खुणेचं एकही केशरी-पांढरं निशाण ठेवलं नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकलेला हा किल्ला आज संरक्षित स्मारक आहे. इथे भिंतीत खिळा ठोकायचा नाही, दगडाला रंग लावायचा नाही. निशाणं सुट्या स्टँडवरच उभी केली. दर्या दरवाजापर्यंतचा प्रत्येक टप्पा स्वतः चालून तपासला. धुक्यात गोंधळलेलं मूल कुठे वळेल, हाच विचार सतत मनात होता.

मोबाइल वाट दाखवतो, पण ती शोधण्यातून येणारा आत्मविश्वास देत नाही. पालकांनो, मुलांच्या हाती एकदा कागदी नकाशा द्या आणि त्यांना त्यांची वाट शोधू द्या.