ब्रेकचे तेल

झाडीपट्टीतील नाटक कागदावर वाचून समजत नाही, हे आमचे जुने मत. दिवाळीनंतर मंडया आणि शंकरपट सुरू झाले की वडसा-देसाईगंजहून नाटकमंडळ्या गावोगावी निघतात. रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांनी या रंगभूमीची प्रथमच दखल घेतली. पवनीत मराठी शिकविणारे आम्ही तिघे मात्र तिचे जुने प्रेक्षक.

नाटक संपल्यावर परतीला वाहन नसे. म्हणून आम्ही एक जुनी मिनीबस घेतली. मागची बाके काढून तीन बिछाने, एक शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि पुस्तकांचे कपाट बसविले. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा आमचे हे फिरते घर काळाच्या पुढे होते असे म्हणून आम्ही स्वतःचे कौतुकही करून घेतले. पडदे शिवले, रंग दिला. ब्रेककडे पाहावे असे तिघांपैकी एकालाही सुचले नाही.

एका पहाटे लाखांदूरवरून पवनीकडे परतत होतो. मागे दोन विद्यार्थी गाढ झोपलेले. रस्ता नाल्याच्या पुलाकडे उतरत होता आणि पुढे शंकरपटाहून परतणारी एक बैलबंडी. पायाखालचा पेडल सरळ तळाशी गेला. पुन्हा दाबला, पुन्हा गेला. गिअर एकेक करून खाली आणला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी बंडीपासून काही हातांवर थांबली. कुणी बोलले नाही. विद्यार्थी जागेही झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने टाकीचे झाकण उघडले, बोट बुडवून वास घेतला आणि विचारले, "सर, हे कोणी टाकलं?" टाकले आमच्यातल्याच एकाने. पातळी कमी दिसली, घरात इंजिनाचे तेल शिल्लक होते, ते ओतले. आपण सारे 'ब्रेक ऑइल' म्हणतो; तेल म्हटल्यावर तेलच ओतायचे, यात चूक ती काय? मिस्त्री म्हणाला, "नावातच ऑइल हाय, सर. आतमधी नाही."

तो द्रव ग्लायकॉलवर आधारलेला असतो. खनिज तेल लागले की आतली रबरी वायसरे फुगतात, मऊ पडतात आणि दाब धरेनाशी होतात. आमच्या गाडीत नेमके तेच झाले होते. मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतचे सर्व रबर आणि होसपाइप बदलावे लागले, नळ्या धुवाव्या लागल्या, चारही चाकांतून हवा काढावी लागली. शब्दांचे अर्थ तपासण्याचे वेतन घेणारी माणसे एका शब्दाला फसली होती.

मग आम्ही विद्यार्थी झालो. योग्य द्रवही हवेतली आर्द्रता शोषतो, हे तेव्हा कळले. डॉट-३ प्रकारचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरले की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले तर त्यात वाफ होते आणि पेडल पोकळ लागतो. म्हणून गाडी उभी असली तरी द्रव साधारण दोन वर्षांनी बदलायचा, आणि उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली आणायचा.

वजनाचाही हिशेब मांडला. भरलेली टाकी म्हणजे शंभर किलो. वेग चाळीसवरून साठवर गेला की ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. पुस्तकांचे कपाट आम्ही उतरवले. ते दुःख मोठे होते. टायरवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते, हेही तेव्हाच वाचायला शिकलो. ३५१६ म्हणजे २०१६ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेले आमचे टायर त्या हिशेबाने म्हातारे निघाले.

योग्यता प्रमाणपत्र आमच्याजवळ होते. पण तपासणीच्या दिवशी गाडी जशी असते तशी ती पुढे राहीलच, याची हमी तो कागद देत नाही. बाटली तर त्यानंतर आमच्याच हाताने ओतली गेली होती.

आता निघण्यापूर्वी एक जण पेडल दाबून तीसपर्यंत मोजतो. पेडल हळूहळू खाली सरकला तर प्रवास रद्द. दुसरा टॉर्च घेऊन चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधतो. तिसरा सिलिंडरची तोटी बंद करतो आणि मुक्कामी चाकाखाली लावायचे लाकडी गुटके मोजून घेतो. या खटाटोपात कधी नांदी चुकते.

त्या पहाटे बंडीवाल्याने मागे वळून पाहिले नव्हते. आपल्या मागे काय घडले हे त्याला आजही ठाऊक नसावे. पेडल दाबून मोजताना आम्हांला तोच आठवतो.