भाकर वाटणारे हात

कुर्डुवाडीच्या परिसरात सुगी संपत आली की आमच्या लहानशा धर्मग्रामातील शेतकरी कुटुंबे मिस्साबलीच्या वेळी वेदीपाशी ज्वारीची कणसे आणून ठेवतात. बहुधा ती मालदांडीचीच असतात. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी १९३०च्या दशकापासून इथल्या काळ्या रानात रब्बीला पेरली जाते. ती कोणी निवडली, हे पेरणारा विचारीत नाही आणि खाणाराही नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. ती कोणाच्या हातून आपल्या ताटात येते, याचा विचार मात्र क्वचितच करतो.

हा विचार मनात आला की मला डॉ. पांडुरंग खानखोजे आठवतात. मूळचे वर्ध्याचे. तरुणपणीच ते अमेरिकेत गेले, तेथे शेतकीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाले. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले. पुढे १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले आणि बंदूक हाताळलेला हा माणूस चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाला.

मक्याच्या नव्या जाती निर्माण करणे हे त्यांचे आवडते काम. हे काम मोठ्या चिकाटीचे. कोवळ्या कणसावर पिशवी बांधून त्याचे परक्या परागापासून रक्षण करायचे, निवडलेल्या झाडाच्या तुऱ्यातील पराग त्याच्या रेशमी केसरांवर हाताने झटकायचा, मग पीक तयार होण्याची वाट पाहायची; आणि बहुतेक झाडे नाकारून पुढच्या हंगामात पुन्हा तेच. (वाटाण्यावर असे प्रयोग करणारा ग्रेगोर मेंडेल हा मठवासी धर्मगुरू होता, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.) खेडुतांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्यातही खानखोजे यांनी पुढाकार घेतला.

चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा मित्र. १९२८ साली त्याने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आपली रोजची भाकर’ या नावाचे चित्र रंगवले. त्यात मेजाच्या शिरोभागी बसून भाकर वाटणारा सावळा पुरुष म्हणजे आपले खानखोजे. त्या चित्राची छापील प्रत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला शेवटचे भोजन आठवले, आणि पाठोपाठ मन अस्वस्थ झाले.

कारण सेमिनरीत आम्ही धन्यवादित मिगेल प्रो यांचे चरित्र वाचले होते. १९२६ साली मेक्सिकोच्या सरकारने ख्रिस्तसभेवर कठोर निर्बंध लादले, तेथील महागुरूंनी जाहीर उपासना थांबवली आणि हजारो लोकांचा बळी घेणारा संघर्ष पेटला. फादर प्रो घराघरांत लपूनछपून ख्रिस्तप्रसाद वाटीत. २३ नोव्हेंबर १९२७ रोजी, त्याच शहरात, हात क्रुसासारखे पसरून ते गोळीबार पथकापुढे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, त्याच सरकारच्या इमारतीत, स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या रिव्हेराने हे चित्र काढले. चापिंगोला तर त्याने पूर्वीच्या हवेलीतले प्रार्थनामंदिर मातीच्या आणि बीजाच्या चित्रांनी रंगवले. ते तेव्हा विद्यालयाचे सभागृह झाले होते. तेव्हा या मेजावरच्या भाकरीला मी हात लावावा की नाही? कितीतरी दिवस मी ते चित्र पुस्तकात मिटून ठेवले होते. फादर प्रो यांचे रक्त मी विसरू शकत नाही. पण कणसावर पिशवी बांधणाऱ्या त्या माणसाने कोणाचे मंदिर बंद केले नव्हते, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतरच खानखोजे यांना मायदेशी पाऊल ठेवता आले. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे भारतात आले होते. चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली.

गेल्या सुगीत मी ते चित्र वेदीसमोर नव्हे, पण मंदिराच्या दाराशी कणसांच्या टोपलीजवळ ठेवले. एक वृद्ध शेतकरी बराच वेळ न्याहाळत उभे होते.

“फादर, ह्यो मानूस आपल्यातला हाय का?”

“वर्ध्याचा आहे, बाबा,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. “आन् मका कसला काढला म्हनायचा त्यानं?”