चाळीस आणि पन्नास

सीएच्या परीक्षेत पास व्हायच्या दोन अटी आहेत. प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि पूर्ण ग्रुप मिळून 50 टक्के. मी इंटरला बसले तेव्हा एका ग्रुपमध्ये चार पेपर होते, आता तीन आहेत. चारही पेपरांत चाळीस-चाळीस मार्क काढले तर बेरीज 160 होते, हवे असतात 200. म्हणजे एकाही विषयात नापास नसलेला विद्यार्थी ग्रुपमध्ये नापास होतो.

मोहल्ल्यातल्या मुली विचारतात, बाजी, कॉलेज, घर आणि सीए एकाच वेळी कसं जमवलं? मी त्यांना हाच हिशेब सांगते. सगळीकडे सारखा वेळ वाटायला गेलात तर सगळीकडे चाळीसच पडतात. काही गोष्टी चाळीसवर ठेवाव्या लागतात, आणि एखादीने बेरीज ओढून न्यायची असते.

कॉलेज मी चाळीसवर ठेवलं. मिरजेत बी.कॉम.ला होते. हजेरी भरेल एवढे तास बसायचं, इंटर्नलच्या वह्या वेळेवर द्यायच्या, बस्स. गॅदरिंग, सहल, कॅन्टीन यातलं फारसं काही वाट्याला आलं नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

कठीण होतं ते घर. अब्बांचं टेलरिंगचं दुकान आहे, आणि शिंप्याच्या घरात रमजान म्हणजे सीझन. ईदचे कुर्ते, पोरांचे पठाणी. शेवटच्या दहा दिवसांत मशीन रात्रभर थांबत नाही. काज-बटण, तुरपाई, इस्त्री हे आम्ही बायका घरी करायचो.

2019 साली मेच्या सुरुवातीला होणारी सीएची परीक्षा लोकसभा निवडणुकीमुळे पुढे गेली आणि 27 मेला सुरू झाली. रमजान 7 मेला लागला होता. म्हणजे माझे इंटरच्या पहिल्या ग्रुपचे पेपर नेमके शेवटच्या अशऱ्यात आले. वेळ दुपारी 2 ते 5, सेंटर सांगलीला, सिटी बसचा प्रवास आणि मे महिन्याचं ऊन. पेपरच्या दिवशी रोजा सोड, असं काहींनी सुचवलं. मी ठेवला. तो माझा निर्णय, दुसरीनेही तसंच करावं असं मी कुणाला म्हणणार नाही. सहेरीनंतर फज्र पढून बसले की आठपर्यंत घर झोपलेलं असायचं. वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला अभ्यास त्या तीन तासांतला.

पण रात्रीचं काय? माझ्या वाटणीच्या तुरपाईचं गाठोडं आपाने उचलून स्वतःसमोर ठेवलं आणि अम्मीला म्हणाली, "उसकू पढने देव." एवढंच. तिला बघायला येणारं एक स्थळ होतं, ते तिनेच अब्बांना सांगून ईदनंतर बोलवायला लावलं. घरात पाहुण्यांचा गोंधळ नको म्हणून. त्याच उन्हाळ्यात ती डी.एड.चा फॉर्म भरणार होती. तो राहिला. मुदत लक्षात आली नाही, असं ती आजही सांगते.

निकालात अकाउंट्सला 68 आले, लॉला 44, कॉस्टिंगला 41, टॅक्सला 52. बेरीज 205. पेढे वाटले गेले.

मग आर्टिकलशिप. आठवड्याला 35 तास ऑफिस, त्यात बी.कॉम. चालू ठेवायचं तर फॉर्म 112 भरून परवानगी घ्यायची, कॉलेजची वेळ ऑफिसच्या आड येत नाही असं प्राचार्यांकडून लिहून आणायचं. सकाळी कॉलेज, तिथून थेट ऑफिस. तो काळ दमवणारा होता, पण त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

लोक याला वेळेचं नियोजन म्हणतात. वेळापत्रक मी केलं होतं, भिंतीवर लावलं होतं, ते कामालाही आलं. पण त्यातले रात्रीचे तास कुठून आले हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे मुलगा शिकत असेल तर त्याच्यापुढे तुरपाईचं गाठोडं मुळात ठेवलंच जात नाही. मुलगी शिकत असेल तर ते उचलून दुसऱ्या मुलीपुढे ठेवावं लागतं. "मुलींनो, शिका" असं सांगणारे आपले कार्यक्रम मी बरेच ऐकले. एकातही वक्त्याने पुढे बसलेल्या भावांना सुई हातात घ्यायला सांगितलं नाही.

आपाचं लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली. दोन वर्षांपूर्वी तिने मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घातलं. परीक्षा आली की मुलीला घेऊन माहेरी येते. ऑफिसमधून आले की भाचीला मी घेते आणि आपा आतल्या खोलीत दार लावून बसते. माझ्या फायनलचा एक ग्रुप अजून बाकी आहे. पोरगी अकराच्या आत झोपत नाही, त्यानंतर मी ऑडिटचं पुस्तक उघडते. मधूनच आपा बाहेर येते, चहा ठेवायचा का विचारते, आणि मी तिला परत आत पाठवते.