वकिलाच्या पत्रास उत्तर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी माणूस परमुलखात जाताना देवघरातील टाकांबरोबर बांधून नेतो. आमच्या पूर्वजांनी ती प्रथम तंजावरास नेली आणि तेथून म्हैसुरास आणली. घरातील मराठी पुढे कन्नडच्या सहवासाने पुष्कळ बदलली. म्हण मात्र जशीच्या तशी राहिली. ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. वर्षानुवर्षे कज्जे लढून घरे बुडाल्याची उदाहरणे कोणत्या गावी नाहीत? परंतु या म्हणीचा एक गुण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तिचा उपयोग शहाण्यापेक्षा त्याच्या प्रतिपक्षास अधिक होतो. समोरचा मनुष्य पायरीपाशीच थबकणार हे ज्याला आधी ठाऊक असते, त्याला पायरीचे नुसते नाव काढले तरी पुरते.

हा विचार आम्हांस सुचला तो आमच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, १,४१६ रुपयांवरून. रक्कम वाचून वाचक हसतील. आम्हीही प्रथम हसलो होतो.

अक्काचे वय तेव्हा शहात्तर. भावोजी गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतन दुसऱ्या बँकेत जमा होऊ लागले आणि जुन्या खात्यात १,०४० रुपये उरले. ते खाते तिने मोडले नाही, कारण त्यावर भावोजींचे नाव तिच्या नावाबरोबर लागले होते. पुढे विम्याचे ६,००० रुपये त्या खात्यात आले. पासबुक भरून आणले, तो शिल्लक ५,६२४! किमान शिल्लक न राखल्याबद्दल बँकेने दर तिमाहीस २०० रुपये आकार आणि त्यावर ३६ रुपये कर, असे सहा वेळा कापले होते. चार कापण्यांनंतर ९६ रुपये उरले. पाचव्या वेळी खाते शून्याखाली १४० रुपये गेले आणि सहाव्या वेळी ३७६. विम्याचे पैसे येताच बँकेने प्रथम आपले हे ‘येणे’ वसूल केले. आयुष्यात कोणाचे चार आणे न बुडविलेली आमची अक्का दोन तिमाह्या बँकेची ऋणको होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

आम्ही बँकेस लेखी मागणी पाठविली व पैसे न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ, असे शेवटी लिहिले. उत्तर बँकेचे आले नाही. तिच्या वकिलांचे आले. चार पाने, जाड कागद, ठळक शिरोनामा. बँकेचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. पत्राचा मासला मात्र सार्वत्रिक आहे. खाते उघडताना आपण सर्व अटी मान्य करून सही केली आहे. आकारांचा तक्ता शाखेत लावलेला आहे. प्रत्येक वेळी भ्रमणध्वनीवर संदेश धाडला आहे. सबब मागणी निराधार व त्रासदायक आहे. तथापि केवळ सद्भावनेने, कोणतीही जबाबदारी मान्य न करता, आमचे अशील ७०८ रुपये देण्यास तयार आहेत. मात्र आपण तक्रार मागे घेतल्याचे व पुन्हा कोठेही न करण्याचे लिहून द्यावे. अन्यथा होणाऱ्या खर्चास आपण जबाबदार राहाल.

अक्का पत्र हातात घेईना. “बाबू, गेले ते पैसे असे समज,” ती म्हणाली. “या वयात माझ्या नावाने वकिलाचे पाकीट दारात नको. पोस्टमनने सुद्धा पाहिले असेल.”

तिला भय पैशाचे नव्हते, तुरुंगाचेही नव्हते. चार पिढ्यांनी जपलेली पत एका पाकिटाने गेली, असे तिला वाटत होते. पत हा शब्द आमच्या भाषेत मोठा विलक्षण आहे. सावकाराच्या वहीत तो माणसाची ऐपत सांगतो आणि घरात अब्रू. वकिलाच्या पत्राचा नेम या दुसऱ्या अर्थावर असतो.

ज्या शहरात हे घडले, त्याचा पैशाच्या न्यायाशी जुना संबंध आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी येथील प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली त्यांनी ती छापून जगापुढे ठेवली. त्या ग्रंथात शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्माचे व्याज ठरविले आहे. व्यापाराला, अरण्यातून व समुद्रावरून जाणाऱ्यांना अधिक दर आहेत. आणि ठरल्याहून अधिक घेणाऱ्यास व घेवविणाऱ्यास दंड सांगितला आहे. धनको-ऋणको यांनी आपसात काही ठरविले, एवढ्याने राजाचे काम संपत नाही, हे तत्त्व इतके जुने आहे.

महाराष्ट्रास ते तत्त्व अधिक कष्टाने शिकावे लागले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यास शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जरोखे व खतपत्रे हिसकून जाळली आणि दंगा आसपासच्या गावांत पसरला. ते कागद खोटे होते काय? पुष्कळांवर खरेच अंगठे होते. पण अंगठा उमटविणाऱ्यास त्यातील मजकूर ठाऊक नव्हता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याची मुभा दिली. ‘सही केली आहे’ हे वाक्य त्या दिवसापासून शेवटचे राहिले नाही.

तरीही केवळ ‘अन्याय, अन्याय’ म्हणून भागत नाही, हे विलायतेतील एका प्रकरणाने दाखविले आहे. तेथे २००६-०७ च्या सुमारास असंख्य खातेदारांनी बँकांनी कापलेले आकार परत मागितले. वकिलांची कडक पत्रे येत. खातेदार डगमगला नाही की पुष्कळदा बँक सुनावणीआधीच पैसे भरून मोकळी होई. शेवटी प्रश्न वरच्या न्यायालयात गेला, आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निर्णय दिला. हे आकार म्हणजे बँकेच्या एकूण सेवेच्या किमतीचाच भाग आहेत. तेव्हा ती किंमत फार झाली, या कारणावरून त्यांची न्याय्यता त्या नियमांखाली तपासता येत नाही, असा त्याचा आशय. ज्यांनी सारा भरवसा ‘न्याय्य’ या एका शब्दावर ठेवला होता, त्यांच्या हाती काही उरले नाही.

म्हणून आम्ही आमच्या उत्तरात ‘अन्याय’ हा शब्द एकदाही वापरला नाही. ‘लूट’, ‘फसवणूक’ हे शब्द मनात आले, तेथेच ठेवले. वकील हा अशिलाचे मुख होय; मुखावर रागावण्यात हशील नाही. त्याच्या पत्रातील विशेषणे पेन्सिलीने खोडली, तेव्हा चार पानांतून तीन विधाने उरली. त्या तिहींस क्रमाने उत्तर लिहिले.

पहिले, सहीचे. सही केलेल्या अर्जाची व त्या दिवशी लागू असलेल्या आकारतक्त्याची नक्कल मागितली. त्याचबरोबर लिहिले की, रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी काढलेला व १ एप्रिल २०१५ पासून अमलात आलेला आदेश या काळात लागू होता. शिल्लक कमी पडल्यास बँकेने खातेदारास तसे कळवावे, भरपाईस निदान एक महिना द्यावा, दंड तुटीच्या प्रमाणात असावा, आणि केवळ या दंडामुळे खाते शून्याखाली जाऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. खातेदाराच्या सहीने बँक रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेतून मोकळी होत नाही.

दुसरे, संदेशांचे. कोणत्या क्रमांकावर, कोणत्या दिवशी, हे विचारले. संदेश भावोजींच्या बंद झालेल्या क्रमांकावर गेले असणार, हे उघड होते. अक्काने आपला नवा क्रमांक शाखेस लेखी दिला होता आणि त्याच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घेतला होता. तो कागद तिने म्हैसूर सँडल साबणाच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवला होता. चंदनाचा वास येणारी ती प्रत आम्ही उत्तरास जोडली. अर्थात नक्कल, मूळ नव्हे.

तिसरे, ७०८ रुपयांचे. लिहिले की ही रक्कम अवश्य जमा करावी. ती एकूण मागणीपैकी अंशतः मिळाली असे समजू, पण कोठेही न बोलण्याचे वचन देता येत नाही. शेवटी नोंदविले की, मूळ तक्रारीपासून तीस दिवसांत समाधान न झाल्यास २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली अर्ज करू. त्या योजनेत तक्रारदारास शुल्क नव्हते, आणि त्याने वकिलामार्फत यावे यास मुळी परवानगीच नव्हती. हे कलम वाचून दाखविले तेव्हा अक्का प्रथमच खुर्चीत नीट टेकून बसली. “म्हणजे तिथे मीच बोलायचे?” तिने विचारले. आम्ही होय म्हणालो. “मग ते सहीचे पान दे,” ती म्हणाली.

पत्र नोंदणी टपालाने, पोचपावतीसह गेले. तिसऱ्या आठवड्यात खात्यात १,४१६ रुपये जमा झाले. सोबत दिलगिरी नाही, कारण नाही, वकिलांचे पत्रही नाही. मागितलेल्या नकला शेवटपर्यंत आल्या नाहीत.

पैसे परत आले याचा आनंद झाला, हे खरे. पण त्या आनंदात एक सल राहिला. २०१७ साली एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत देशातील सर्वांत मोठ्या बँकेने किमान शिल्लक न राखल्याबद्दल १,७७१ कोटी रुपये गोळा केले, असे सरकारी आकड्यांवरून जाहीर झाले होते. अक्काचे खाते त्या बँकेत नव्हते, आणि त्या बँकेने मार्च २०२० मध्ये हा आकार बंदही केला. पण आकडा मनातून जात नाही. किमान शिल्लक ज्यांच्यापाशी नसते, अशांकडूनच तो जमला होता. देवराज मार्केटात मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बाईचे असेच खाते असेल, तर तिने दिलेल्या कागदाच्या प्रतीवर शिक्का मारून द्यायला शाखेत कोणी उठले असते काय? आणि तिने तो मागितला असता काय?

अक्कापाशी न्याय होता म्हणून तिला पैसे मिळाले, असे म्हणणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. न्याय त्या बाईपाशीही असेल. अक्कापाशी शिक्का होता, वाचता येत होते, आणि शेजारी लिहून देणारा भाऊ होता. हक्क कायद्याने सर्वांस सारखा दिला आहे. त्याची पोच मात्र मोजक्यांच्या खोक्यात असते. तेव्हा आपल्या मंडळांत, जेथे गणपतीची वर्गणी आणि नाटकाच्या तालमी यांचा हिशेब चोख ठेवला जातो, तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ लोकांची अशी पत्रे वाचून देण्यास कोणी बसेल काय? कायदा शिकलेला मनुष्य पाहिजेच असे नाही. विशेषणे खोडून विधाने वेगळी काढता आली आणि तारखा क्रमाने लावता आल्या, म्हणजे पुष्कळ झाले. आम्ही गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ओसरीवर बसतो. आतापर्यंत पाच जण आले. त्यांपैकी तिघांपाशी एकही शिक्का नव्हता. त्यांची पत्रे अजून चालू आहेत.