तुळशीबागेतलं कोरं पांढरं

सकाळी आठच्या सुमारास तुळशीबागेतली शटर अजून खाली असतात. रामाच्या देवळाच्या शिखरावर ऊन आलेलं असतं आणि खाली बोळ निळसरच असतो. माझ्या जलरंगातल्या चित्राचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, या वेळचा. येलो ऑकर इतकं पातळ, की कागदावर रंग आहे की नाही ते वाळल्यावर कळावं. गर्दी बघायला मी संध्याकाळी परत जाते आणि ती या सकाळवर चढवते.

नारो अप्पाजी खिऱ्यांनी पेशवाईत इथे राममंदिर उभारलं. आज देवळाभोवती बांगड्या, कुंकू, देवाची भांडी, केसांच्या पिना असा सगळा संसार दाटलेला आहे. यात माझा हात खरा अडतो तो पितळी भातुकलीच्या दुकानापाशी. बोटभर उंचीचा बंब, चूल, जातं, खलबत्ता. प्रत्येक भांड्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चमक, आणि ती चमक म्हणजे कोरा कागद. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. मास्किंग फ्लुइड लावून ती जागा झाकता येते, पण मला ते रुचत नाही. त्याची कडा कापल्यासारखी दिसते, पितळेची चमक मात्र कडेला विरघळत जाते. म्हणून दाण्याभोवतीनं ब्रश फिरवायचा, श्वास धरून. एखादा दाणा बुजला तर बुजला. वरून पांढरा पोस्टर कलर ठेवला की तिथे उजेड येत नाही, ठिगळ दिसतं.

मूळ चित्र एकाच घरात जातं. तुळशीबाग मात्र हजारो घरांची आहे, म्हणून मी प्रिंट काढते. छापील चित्र कमअस्सल, असं मला कधीच वाटलं नाही. राजा रवि वर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथे एकेका रंगाचा वेगळा दगड करून, छापावर छाप चढवत लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. त्या दगडांवर राबलेल्या हातांबद्दल मला फार आदर आहे.

माझ्या पहिल्या प्रिंटनी मात्र मला रडवलं. छापणाऱ्यानं काम मन लावून केलं होतं, रंग जुळले होते, तरी बोळ आजारी दिसत होता. भिंग लावलं तेव्हा उमगलं. स्कॅनरनं माझ्या कागदाचा किंचित पिवळटपणाही रंग म्हणूनच टिपला होता, आणि यंत्रानं प्रत्येक कोऱ्या जागेवर शाईचे बारीक ठिपके टाकले होते. भातुकलीची चमक, ताडपत्रीच्या फटीतून उतरलेलं ऊन, सगळ्यावर धुळीसारखा थर. ठिपके काढून टाकले, तर त्यांच्याबरोबर माझा सकाळचा पातळ ऑकरही पुसला गेला. मग स्क्रीनवर एकेक कोरी जागा हातानं सोडवली आणि छपाईसाठी मूळ चित्राच्याच जातीचा खरबरीत सुती कागद घेतला. चौथ्या प्रूफला उजेड आला, कारण आता प्रिंटमध्येही तो कागदाचाच होता.

एक गोष्ट तरीही येत नाही. ताडपत्रीखालच्या सावलीत मी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्यावरच मिसळू देते. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सावली दाणेदार होते. प्रिंटमध्ये त्या दाण्यांचं चित्र येतं, दाणे येत नाहीत. घेणाऱ्याला मी हे आधीच सांगते.

ज्यांच्या गाळ्यासमोर बसून चित्र काढलं, त्या बांगडीवाल्या काकांना पहिली चांगली प्रत काचेच्या फ्रेममध्ये बसवून नेऊन दिली. त्यांनी ती हातभर लांब धरली.

"ताई, आमची ताडपत्री हिरवी आहे."

सकाळच्या सावलीत मला ती निळी दिसली, असं मी म्हटलं. त्यांनी मान वर करून आपल्याच ताडपत्रीकडे बराच वेळ पाहिलं.

"आणि मी कुठंय?"

मी दाखवलं. बांगड्यांच्या दांड्यांमागे ऑकरचे दोन फटकारे, आणि डोक्याच्या जागी, टक्कल म्हणून सोडलेला एक कोरा ठिपका. त्यांनी टोपी काढून आरशात पाहिलं, तिथलाच एक खिळा मोकळा केला आणि प्रिंट लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला बांगड्या दाखवायच्या आधी त्यांनी काचेवर नेमकं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.