पाठीवरून आलेलं ताट

माथेरानला लोक हवा खायला आणि पॉइंट बघायला जातात. आम्ही निघालो ते जेवायला आणि एखाद्या जुन्या घरात राहायला. सासूबाईंना शेवळांची भाजी खायची होती, डोंगरातून त्याच दिवशी खुडून आणलेल्या शेवळांची. मला वेगळंच कुतूहल होतं. ज्या गावात दारापर्यंत गाडी येत नाही, तिथे पाहुण्यांना खोली देऊन दोन वेळचं गरम जेवण घालायचं तर ते कसं जमवत असतील? जूनचा पहिला आठवडा होता. मे महिन्याची गर्दी ओसरली होती आणि पहिल्या सरी पडून गेल्या होत्या. शेवळं येतात ती याच दिवसांत.

नेरळला मिनी ट्रेनची तिकिटं आमचा नंबर लागायच्या आत संपली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांची ही लाइन. तिच्यासाठी त्यांचे वडील सर आदमजी यांनी त्या काळचे सोळा लाख रुपये घातले. सासूबाईंना लहानपणचा या गाडीचा प्रवास अजून आठवतो, त्यामुळे त्या हिरमुसल्या. पण पावसाळ्यासाठी गाडी बंद व्हायचे दिवस जवळ आलेले, शेवटच्या फेऱ्यांना गर्दी असणारच. शेअर टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर उतरलो.

गाडीरस्ता इथेच संपतो. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पेट्रोल-डिझेलचं वाहन पुढे जात नाही. बहुतेक पाहुणे इथे घोडा ठरवण्यात नाहीतर बॅगा उचलायला हमाल बघण्यात गुंतलेले असतात. त्याच नाक्यावर जरा बाजूला मालाचा टेम्पो रिकामा होत होता, तिथे मी थांबले. कांदे-बटाट्यांच्या गोणी, तांदूळ, तेलाचे डबे, दुधाचे क्रेट, अंड्यांचे ट्रे, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, धुऊन आलेल्या चादरींची गाठोडी, गॅसच्या टाक्या. माथेरानमध्ये उद्या-परवा जे शिजणार होतं आणि ज्यावर माणसं झोपणार होती, ते सगळं उघड्यावर मांडलेलं दिसत होतं.

मालाचे घोडे वेगळे, सवारीचे वेगळे. सवारीचा घोडा सजवलेला असतो. मालाच्या घोड्याच्या पाठीवर गोणपाटाची जाड गादी, बस्स. एक घोडेवाला टाक्या बांधत होता. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो असतो, पण टाकीसकट वजन तीस किलोच्या आसपास जातं. एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही टाक्या एकाच दोराने बांधून त्याने दोराखाली चार बोटं घालून पाहिली, मग घोड्याच्या पोटाखालचा पट्टा एक घर सैल केला.

"इतका सैल चालतो का हो, मामा?" मी विचारलं.

"चढाला घोडं श्वास भरतं ना, ताई. आवळून बांधलं तर अर्ध्यात उभं राहील. आणि वजन एका अंगाला गेलं तर पाठ सोलते. मग चार दिवस त्याला बसवून खायला घालायचं."

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. इथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, म्हणजे त्यांच्यासाठी चालणं अशक्य आणि घोड्यावर बसायचा तर प्रश्नच नाही. ई-रिक्षाची रांग हलेना, म्हणून हातरिक्षा ठरवली. एक माणूस पुढून ओढायचा, दोघं मागून ढकलायचे. त्या बसल्या खऱ्या, पण वाटभर त्यांचा जीव वर-खाली होत होता. पहिल्याच चढावर म्हणाल्या, "अरे बाबा, दमला असशील, थांब जरा." पुढचा माणूस मान न वळवता म्हणाला, "आजी, चढावर थांबलं की दुप्पट जोर लागतो. सपाटी आली की थांबतो." थांबल्यावर त्यांनी पिशवीतले तिळाचे लाडू काढून तिघांना दिले आणि त्यांची घरं, मुलं, शाळा यांची चौकशी केली. मी लाल मातीतून शेजारी चालत होते. दोन्हीकडे जांभूळ, हिरडा, अंजनी. जांभळं पिकून खाली पडलेली, त्यामुळे वाटेत जांभळे डाग. मालाचे घोडे आमच्या पुढे निघून गेले.

माथेरान तसं गावाएवढंच. साधारण आठशे मीटर उंचीवरचं पठार, कायम राहणारी वस्ती चार-साडेचार हजारांची, आणि तरी १९०५ पासून स्वतःची नगरपालिका. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे चढून आले आणि मग मुंबईच्या इंग्रजांनी, पारशांनी, बोहऱ्यांनी उन्हाळ्यासाठी बंगले बांधले. पुढे त्यांतल्या अनेक बंगल्यांची हॉटेलं झाली. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं, त्यामुळे बांधकामावर आणि झाडतोडीवर बंधनं आली. ती नसती तर आज इथे खंडाळा-लोणावळ्यासारख्या इमारती उभ्या दिसल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही.

आम्ही उतरलो ते हॉटेल नव्हतं. बाजारपेठेमागच्या गल्लीतलं कौलारू घर, मालकीणबाई मागच्या दोन खोल्यांत राहतात आणि पुढच्या चार खोल्या पाहुण्यांना देतात. सगळे त्यांना काकू म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. खोलीत सागवानी पलंग, भिंतीत कोनाडा, खिडकीला गजांच्या आतून बारीक जाळी आणि दाराला वर-खाली दोन कड्या. काकूंनी किल्लीआधी कड्यांचं समजावलं. "एक कडी माकड काढतं. दुसरी काढेपर्यंत आपल्याला कळतं."

मला आवडल्या त्या तिथल्या चादरी. पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, आणि त्यांना किंचित धुराचा वास. स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्याचं कारण कळलं. चुलीच्या वर, आढ्याखाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या. पावसाळ्यात इथे ढग घरात शिरतो आणि कपडा आठ-आठ दिवस वाळत नाही. मोठी हॉटेलं कपडे धुवायला खाली पाठवतात. काकूंना तो हेलपाटा परवडत नाही. गॅस आहे, पण चूल त्यांनी मुद्दाम ठेवली आहे: बंबाचं पाणी, भाकरी आणि चादरी तिच्यावर निभतात, टाकी जास्त दिवस पुरते. पंचतारांकित खोलीतल्या कडक इस्त्रीच्या चादरीवर मला कधी इतकी गाढ झोप लागलेली नाही.

शेवळं दुसऱ्या दिवशी सकाळी आली. जुम्मापट्टीच्या बाजूने चढून आलेली एक ठाकर बाई दारात टोपली उतरवून बसली. तिच्याकडे शेवळांच्या जुड्या, सोबत काकडांची हिरवी फळं, पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं. ती उजाडायच्या आत निघाली होती. भाव सांगितला, काकूंनी घासाघीस केली नाही, आधी पाण्याचा तांब्या आणि मग चहा दिला.

मग ओट्यावर दोन अनुभवी बायका समोरासमोर आल्या. सासूबाई मूळच्या पेणच्या, सीकेपी. शेवळं कोलंबीतच करायची, यावर त्या ठाम. काकू हरभऱ्याच्या डाळीवर ठाम. "कोलंबी खालून बर्फात घालून आणावी लागते आजी, इथे येईस्तो तिचा जीव जातो. डाळ बिचारी कुठूनही येते." सासूबाईंना ते पटलं. शेवळाचं बाहेरचं आवरण सोलायचं, आतला दांडा घ्यायचा, त्याच्या बुडाशी असलेला पिवळा भाग नीट काढून टाकायचा. तो राहिला तर घसा खाजून हैराण होतं. सासूबाई पहिल्या चार शेवळांत काकूंचा हात बघत होत्या. चौथ्यानंतर काही न बोलता त्यांनी दुसरी विळी ओढली. बारीक चिरून झाल्यावर काकूंनी काकडं ठेचून त्यांचं पाणी काढलं आणि शेवळं त्यातच शिजवली. खाज मारायची ती या आंबट रसाने, शिवाय चिंचेचा कोळ. मग कांदा, आलं-लसूण, भिजवलेली डाळ, भाजक्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, आणि गूळ अगदी नखभर.

ताट आलं. तांदळाची भाकरी, ती भाजी, सुकटीची चटणी, कच्चा कांदा, आणि भातावर घ्यायला वालाचं बिरडं. शेवळांना खिम्यासारखा दाटपणा असतो, दाताखाली किंचित चरचरतात, मागून काकडाचा तुरटपणा येतो. सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आईच्या हातची नाही. पण आईला आवडली असती." काकूंना याहून मोठं प्रशस्तिपत्रक नको होतं.

त्या ताटाकडे बघताना मी मनात हिशेब केला. तांदूळ, डाळ, वाल, सुकट घोड्यावरून, शेवळं आणि काकडं त्या बाईच्या डोक्यावरून, कांदे हातगाडीवरून. एकही जिन्नस मोटारीत बसून दारापर्यंत आलेला नव्हता. माथेरानात जेवण महाग आहे अशी तक्रार पाहुणे सर्रास करतात. नाक्यावर अर्धा तास उभं राहिलं, की ती तक्रार तोंडातून निघत नाही. खालच्या किमतीवर जो चढ लागतो तो अक्षरशः चढाचा असतो, आणि तो कुणाच्या तरी पाठीला द्यायचा असतो.

एक दुपार आम्ही एका जुन्या पारशी हॉटेलात जेवलो. लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, समोर दरी. धनसाक, ब्राऊन राइस, कचुंबर आणि शेवटी वरून खरपूस भाजलेलं कस्टर्ड. धनसाक उत्तमच होता. अशा हॉटेलांत खोलीचं भाडं जेवणासकट असतं आणि त्यामागे याच डोंगराचं व्यवहारज्ञान आहे: किती ताटं लागणार हे आदल्या दिवशी कळलं, तरच खालून बरोबर तेवढा माल मागवता येतो. ऐनवेळी दहा माणसं वाढली तर धावत जाऊन आणायला इथे जवळ मंडई नाही.

बाकीचं माथेरान आम्ही थोडंच बघितलं. शार्लोट तलाव, त्याच्याजवळचं पिसारनाथाचं देऊळ, बाजारातल्या चिक्कीच्या आणि चपलांच्या दुकानांची ओळ. चिक्की घेतली, शेंगदाण्याची. पॉइंटांवर धुकं होतं, त्यामुळे काही दिसलं नाही आणि त्याची खंतही वाटली नाही.

पण हातरिक्षा डोक्यातून जाईना. ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्या. आम्ही गेलो तेव्हा हातरिक्षाही चालू होत्याच. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा थांबवायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांचं पोट बुडू नये म्हणून त्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना करायला सरकारला सुचवलं. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. माथेरानात मोटारी येऊ नयेत, रस्ते लालच राहावेत. पण गावाची शांतता तीन माणसांच्या फुप्फुसांवर तोलून धरायची गरज नाही. ई-रिक्षाचा मालक मात्र तोच हवा, ज्याने काल रिक्षा ओढली. बाहेरचा पैसेवाला त्यात शिरला, तर ओढणारा मोकळा होण्याऐवजी बेकार होईल. घोडेवाल्यांच्याही मनात भीती आहे आणि ती खोटी नाही. त्यांचं पोट सवारीवर आणि मालावर आहे. त्यांना बोलावून, बसवून हा बदल व्हायला हवा.

निघायच्या सकाळी काकूंच्या अंगणात दोन घोडे उभे होते. आगोटीचा माल आला होता. पावसाचे चार महिने घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून मिरच्या, हळद, सुकट, बोंबील, वाल, तांदूळ असं सगळं जूनच्या आधीच भरून ठेवायचं. त्या वर्षी त्यांना आठवडाभर उशीर झाला होता. सासूबाई पायरीवर बसून बोंबलांची जुडी हाताने दाबून, वास घेऊन बघत होत्या आणि एक जुडी परत पाठवायला सांगत होत्या. घोडेवाला हसत होता, कारण ती परत खाली न्यायची तर त्यालाच न्यायची होती.

काकूंनी बिल वहीच्या पानावर लिहून दिलं. मागे फोन नंबर लिहिला आणि म्हणाल्या, "श्रावणात या. तेव्हा टाकळा असतो, कुर्डू असतो. पण दोन दिवस आधी फोन करा. आजींना कोलंबीच हवी असेल तर तसं तेव्हाच सांगा, म्हणजे पनवेलहून बर्फ जास्त घालून मागवते."

"डाळच चालेल," सासूबाई म्हणाल्या, "पण काकडं दोन जास्त घाल."